उंडा वाळायच्या आत

शेजारच्या घरातून हिंगाचा आणि पापडखाराचा वास आला की मी दचकते. इतरांच्या तोंडाला पाणी सुटतं, लहान मुलं तेलात बुडवलेल्या लाट्या मागायला धावतात. मी मात्र हातातलं काम खाली ठेवते आणि आज वार कोणता, हे मनाशी नक्की करून घेते. कुठं जायचं राहिलं आहे का, काही चुकलं आहे का, असं उगीच वाटत राहतं. मग लक्षात येतं, वास आला आहे फक्त.

चैत्र लागला की आमच्या सांगलीत सगळं एकदम येतं. कृष्णेचं पाणी उतरून घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, हळदीच्या गाड्या पेठेकडे जाऊन रस्त्याला पिवळी धूळ चढते, आणि त्याच दिवसांत गच्च्यांवर वाळवणं पडतात व शाळांतून परीक्षा सुरू होतात. आता मी प्राथमिक शाळेत शिकवते. पेपरच्या दिवशी पोरी दप्तराचा बंद चावत दारात उभ्या असतात. मी त्यांना ‘घाबरू नका’ म्हणत नाही. त्याचा काही उपयोग होत नाही, हे मला माहीत आहे. ‘पेन्सिलीला टोक आहे का, पाणी प्यायलीस का,’ एवढंच विचारते. करता येण्याजोगं काहीतरी हातात असलं म्हणजे माणूस थोडा तरी थाऱ्यावर राहतो.

मी याद्या करणारी बाई आहे. वाण्याची यादी, धोब्याची यादी, शाळेच्या कपाटात काय काय आहे त्याची यादी. रोज सकाळी दिवसाच्या कामांची एक यादी लिहिते आणि संध्याकाळपर्यंत खोडते. गेले काही आठवडे एक ओळ मात्र खोडली जात नाही. ‘बीजगणित’ असा एकच शब्द आहे तो. येत्या ऑक्टोबरात मॅट्रिकला बसायचं मी ठरवलं आहे. पुस्तकं आणली आहेत आणि कपाटात साड्यांच्या मागे ठेवली आहेत. घरात कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, कॉलेजात जाणाऱ्या लेकीलाही नाही. सांगायचं आहे, फक्त शाळेच्या परीक्षा उरकू देत, मग वाळवणं होऊ देत, मग लेकीचे पेपर संपू देत.

आज सकाळी हे सगळं मी मनाशी म्हणत होते, आणि तेवढ्यात तो वास आला.

ती लढाईची वर्षं होती. मी वाईची. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा मराठी सहावीतून माझं नाव काढलेलं होतं. आमची आळी लहान, घरं एकमेकांना लागून, मधे एक सार्वजनिक नळ. घरात सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं. हे लष्कराच्या कचेरीत कारकून होते आणि पूर्वेकडे कुठंतरी होते. कुठं, ते पत्रात लिहायची परवानगी नव्हती. लिहिलंच तर ती ओळ काळ्या शाईनं पुसून येई. एका हिवाळ्यात पत्रं यायची थांबली.

दीर टपालाच्या वेळी ओट्यावर उभे राहत आणि पोस्टमन पुढच्या घरी गेला की आत येऊन पाणी मागत. मी तांदूळ निवडत असे. तांदूळ निवडता निवडता माझ्या मनात एक हिशेब चाले, आणि तो हिशेब कुणाला सांगण्यासारखा नव्हता. हे परत आले नाहीत तर मी या घरात कोण? दीर चांगले होते, जाऊबाईंनीही कधी वाकडा शब्द काढला नव्हता. पण जन्मभर दुसऱ्याच्या चांगुलपणावर राहायचं, या विचारानं मी निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसे. सातवीची फायनल झाली तर मला शाळेत नोकरी मिळणार होती. मुलींच्या शाळेतल्या एक बाई नळावर भेटत. त्यांनी माझं नाव बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांत घातलं. पुस्तकं दिली. जाताना म्हणाल्या, “घरी सांगून टाका हं.”

मी मान हलवली. सांगितलं नाही.

नर्सबाईंमुळे सांगितलं नाही. त्या काही खऱ्या नर्स नव्हत्या. आमच्याच आळीतल्या एक बाई कधी काळी मिरजेला नर्सिंग शिकायला गेल्या होत्या आणि आठवडाभरात परत आल्या होत्या. त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे, त्यांच्या मुलींची लग्नं झाली होती, तरी नळावर त्यांची घागर पुढे आली की कुणीतरी म्हणेच, “नर्सबाईंना आधी भरू द्या, दवाखान्यात खोळंबा होतोय.” सगळ्या हसत. त्याही हसत. मी त्यांच्या हसण्याकडे बघत असे आणि माझ्या पुस्तकांवर आणखी एक जुनेर लुगडं टाकत असे.

त्या उन्हाळ्यानं मला सबबींबद्दल एक गोष्ट शिकवली. सबब खोटी असते असं आपण समजतो. खोटी सबब त्रास देत नाही, ती सांगताना आपलं आपल्यालाच कळतं. घात करते ती खरी सबब. जाऊबाईंच्या मुलाला गोवर आला होता, हे खरं होतं. रॉकेल मिळत नव्हतं, दिवेलागणीनंतर पुस्तक उघडायची सोय नव्हती, हे खरं. पत्र येत नव्हतं म्हणून वाचलेलं डोक्यात शिरत नव्हतं, हे तर सगळ्यांत खरं. यातल्या एकाही कारणाला कुणी नाव ठेवू शकलं नसतं. मी रोज असं एक कारण हातात घेई, उलटंपालटं करून बघे, कुठं खोट सापडत नसे, आणि त्या दिवसाचं गणित राहून जाई.

त्यातच पापडांचे दिवस आले.

आमच्या आळीत पापड कुणी एकटीनं लाटत नसे. ज्या घरचे पापड असतील त्या घरच्या सुनेनं आदल्या दिवशी दारोदार जाऊन सांगायचं, “उद्या आमच्याकडे या.” दुसऱ्या दिवशी सगळ्या आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या. असं करत सगळी घरं व्हायची. जी दुसरीकडे जाणार नाही तिच्याकडे कुणी येणार नाही, हे कुणी बोलून दाखवत नसे, पण ठरलेलं होतं. आणि एकदा सांगणं झालं की दिवस बदलायचा नाही. कारण उडदाचं पीठ भिजवून, तेलाचा हात लावून कुटून कुटून त्याचा मऊ उंडा केला की तो थांबत नाही. ओल्या फडक्याखाली ठेवा, काही करा, दुपार कलली की वाळायला लागतो. मग लाट्यांना चिरा पडतात, पापडाच्या कडा फाटतात, आणि एवढ्या महागाईचे उडीद वाया जातात.

मी सगळ्यांकडे गेले. सून म्हणून जावंच लागे. पण माझ्या पोळपाटावर कोरड्या पिठाचा एक कोपरा मी राखून ठेवी आणि त्यात बोटानं गणितं मांडी. व्याज, सरासरी, काळ-काम-वेग. उत्तर आलं की त्यावर लाटी ठेवायची आणि लाटायची. गणित पापडाला चिकटून जाई आणि उन्हात वाळे. त्या साली सांगलीतल्या किती घरांनी माझी चुकलेली गणितं तळून खाल्ली असतील.

शेजारच्या हौसाबाईंनी ते पाहिलं. त्या तासगावकडच्या. शेती भावकीकडे टाकून नवरा पेठेत गाडी हाकत होता, थोरला मुलगा पलटणीत होता. आवाज असा की नळावर बोलल्या तर घाटावर ऐकू जावं.

“वैनी, ह्ये काय काढताय? रांगोळी?”

“गणित आहे,” मी हळूच म्हटलं. “इतक्या बायकांनी एक काम इतक्या दिवसांत केलं, तर त्याच्या निम्म्या बायकांना किती दिवस लागतील.”

हौसाबाईंनी लाटणं थांबवून विचार केला. “आन् गप्पा मारायचा येळ धरलाय का न्हाई त्यात?”

“तो धरत नाहीत.”

“मग बाप्यानं घातलंय गनित,” त्या म्हणाल्या आणि पुढची लाटी उचलली. कशाला करते, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे पुष्कळ दिवस मनाशी म्हणत आले. सांगितलं नसतं.

पेपरची तारीख कळली. पहिलाच पेपर गणिताचा, अकरा वाजता. त्याच आठवड्यात पश्चिमेला ढग जमायला लागले. वळवाचा पाऊस कोसळला तर वाळवणं भिजतील म्हणून सासूबाई घाईला आल्या. एका दुपारी मला म्हणाल्या, “इंदू, परवा आपले पापड करून टाकू. उद्या सगळीकडे सांगून ये.”

परवा म्हणजे पेपरचा दिवस.

त्या वेळी बोलले असते तर काही अडचण नव्हती. एक दिवस अलीकडे, एक दिवस पलीकडे. पीठ अजून डब्यात कोरडं होतं. पण तोंडातून निघालं, “बरं.” आणि दुसऱ्या दिवशी मी खरोखरच दारोदार फिरले. दर दारात उभं राहून हसून म्हणाले, “उद्या आमच्याकडे या हं.” दारागणिक पाय जड होत होते, आणि त्याबरोबरच, हे लिहायला आजही अवघड वाटतं, छातीवरचं काहीतरी हलकं होत होतं. आता माझ्या हातात काही राहिलं नाही. आता कोण काय करणार? पापड आहेत.

सकाळी अंगणात सतरंज्या पडल्या. उंडा कुटून तयार झाला. बायका आल्या, पोळपाटं मांडली गेली, लाट्या वाटल्या गेल्या. मी लाटायला बसले. उडदाचा, हिंगाचा, मिऱ्याचा वास. बांगड्यांचा आवाज. नऊचा टोल कचेरीत पडला तो मी ऐकला. हाताला घाम येत होता आणि लाटी पोळपाटावर सरकत होती. जाऊबाई काहीतरी सांगत होत्या, सगळ्या हसल्या, मीही हसले. दहाचा टोल पडला. मनात सगळं पाठ केलेलं एकदम आलं. सरळव्याज काढायची रीत, लसावि, मसावि. जणू निरोप घ्यायलाच आलं होतं.

“वैनी,” हौसाबाई म्हणाल्या, “कडा फाटत्यात तुमच्या.”

मी खाली पाहिलं. उंडा अजून मऊ होता. बाकी सगळ्यांचे पापड गोल, पातळ, सरळ. माझ्याच पापडाला कडेनं चिरा होत्या. मी लाटी हातात धरून ठेवली होती, किती वेळ कोण जाणे, आणि ती हातातच वाळली होती.

“आज माझा पेपर आहे,” मी म्हटलं.

कुणाला कळलं नाही. “कसला पेपर?” जाऊबाई म्हणाल्या.

“सातवीच्या फायनलचा. अकरा वाजता.”

लाटणी थांबली. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि झटकन नजर खाली घेतली. कुणीतरी फिस्सकन हसलं. आळीत सगळ्यांत तिखट तोंडाच्या काशीताई होत्या, त्या म्हणाल्या, “अगं बाई. आणि काल बोलावणं करत फिरलीस ते कुणाच्या पापडांचं?”

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या लाट्या कापायच्या दोऱ्याचं टोक दातात धरून बसल्या होत्या. दोरा काढून त्यांनी विचारलं, “दहा कधी वाजले?”

“केव्हाच. साडेदहा होऊन गेले असतील.”

“मग हात धू.”

एवढंच. रागावल्या की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना. मी उठले. हौसाबाईंनी माझं पोळपाट पायानंच आपल्याकडे ओढून घेतलं. “जावा तुमी. तुमच्या फाटल्याल्या मी सांभाळते.”

मी पळत गेले. लुगड्याचा काष्टा सुटतोय की काय, पदराला पीठ आहे की काय, पेन घेतलं की नाही, रस्ताभर हेच. शाळेत पोचले तेव्हा पेपर सुरू होऊन गेला होता. आत घेतलं, ही त्यांची मेहेरबानी. हात धुतले होते पण नखांत उंडा होता, आणि बोटांचं तेल कागदाला लागलं. जिथं तेल लागलं तिथं शाई धरेना. मी तो डाग सोडून पुढे लिहीत गेले. शेवटची गणितं राहिली.

बाकीच्या विषयांत पास झाले. गणितात गेले.

निकाल कळला त्या दिवशी मी नळावर गेले नाही. दुसऱ्या दिवशी जाणं भाग होतं. घागर लावली आणि मागून काशीताईंचा आवाज आला, “फायनलबाईंना आधी भरू द्या गं.” बायका हसल्या. कित्येक महिने मी ज्याला भीत होते ते हे होतं. कान तापले, डोळ्यांत पाणी आलं, आणि घागर भरली. ती उचलून मी घरी आले. इतकं साधं होतं ते. पुढे आठ-पंधरा दिवस हे नाव टोचलं, मग ते नुसतं नाव झालं. काशीताईंना मीठ हवं असलं तरी त्या ‘फायनलबाई’ अशीच हाक मारत. शेवटी शेवटी मला ती हाक नाही आली तर चुकल्यासारखं वाटे.

घरी मात्र निकालाच्या दिवशीच विषय निघाला. संध्याकाळी सासूबाई पापडांना पुन्हा एकदा ऊन दाखवून डब्यात भरत होत्या. माझे फाटक्या कडांचे त्यांनी वेगळे काढले होते, घरात खायला. वर न बघता म्हणाल्या, “पुन्हा बसायचं आहे का?”

“बघू,” मी म्हटलं. “यांचं काही कळल्यावर. म्हणजे पत्र आल्यावर.”

“पत्र यायचं तेव्हा येईल. मी बसायचं विचारलं.”

“हो.”

“मग पापडाचं सांगायला जशी गेलीस, तशी सगळ्यांकडे जाऊन सांगून ये. पुढच्या वर्षी माझी परीक्षा आहे म्हणून.”

मला वाटलं त्या टोचून बोलताहेत. पण त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. “सांगितलेला दिवस मोडत नाही आपल्यात,” त्या म्हणाल्या. “न सांगितलेल्याला कसला आलाय दिवस?”

मी गेले. त्याच दारांत, तीच मी. काशीताई म्हणाल्या, “वर्षभर आधी? बोलावणं आहे का पंचांग?” नर्सबाई दार धरूनच म्हणाल्या, “मी मिरजेला गेले ना, तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. जाताना मामाकडे चाललेय म्हणाले होते.” मग आत गेल्या आणि माझ्या हातावर गूळ ठेवला. हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मग पापड कवा करायचं तुमचं?”

पुढच्या साली आमचे पापड सगळ्यांत आधी झाले, होळीच्या आसपास, हवेत गारवा असतानाच. ऊन पुरेना, पापड वाळायला दुप्पट दिवस लागले. सासूबाई कुरकुरल्या, पण पापडांवर, माझ्यावर नाही.

सांगून टाकलं की मन हलकं होतं, असं लोक म्हणतात. माझं झालं नाही. पहिल्या वर्षी मला एकटीलाच भीती होती. दुसऱ्या वर्षी सगळ्या आळीची भीती माझ्या अंगावर आली. नळावर रोज कुणीतरी विचारी, “गणित कुठवर आलं?” हौसाबाई तर लांबूनच अशा ओरडत, “झालं का वो व्याजाचं?” की रस्त्यावरचे लोक वळून बघत, ही सावकाराची बाई की काय म्हणून. ताप आला तरी आज काही केलं नाही, असं तोंडानं सांगावं लागे, आणि सांगताना ते तापाचं खरं कारण इतकं लहान वाटे की उठून निदान एक गणित करावंच लागे. सबबी संपल्या नाहीत. त्या मोठ्यानं सांगाव्या लागल्या, एवढाच फरक पडला. मनातल्या मनात धडधाकट वाटणारं कारण नळावर चारचौघींत सांगितलं की त्याचं काय होतं, ते मी रोज पाहत होते.

त्या वर्षी पास झाले. पावसाळ्याच्या तोंडी यांचं पत्र आलं. कुठल्याशा दवाखान्यात इतके महिने पडून होते. पत्रात अर्ध्या ओळी काळ्या होत्या, पण अक्षर यांचं होतं. लढाई संपल्यावर हे परत आले, तोवर मी शाळेत लागले होते. ते आले नाहीत तर काय, या भीतीनं मी अभ्यास केला होता. ते आल्यावरही नोकरी सोडावीशी वाटली नाही. भीती गेली आणि तिच्यामुळे उभं केलेलं राहिलं.

पण भीती जाते कुठं? मॅट्रिक करावं हे तेव्हापासून मनात आहे. मधे लेक झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांचं सगळं केलं, त्या गेल्या. शाळेच्या बदल्या झाल्या, वडूजला दोन वर्षं काढली. सगळी खरी कारणं. एकालाही खोट नाही. आणि आता, केस पांढरे व्हायला लागल्यावर, तीच मी साड्यांच्या मागे पुस्तकं लपवते. वर्गात पोरींना रोज पुस्तक उघडायला सांगते आणि स्वतः पुस्तकांवर जुनेर टाकते. यंदा नापास झाले तर माझ्याच शाळेतल्या पोरींच्या कानावर जाईल. लेकीच्या मैत्रिणी हसतील. नळ आता घरात आला आहे, पण हसायला नळ कशाला लागतो?

सकाळी तो वास हौसाबाईंच्या घरातून आला होता. त्या आता थकल्या आहेत, सुनेचा संसार आहे, पण पापडाच्या दिवशी उंड्याजवळ त्याच बसतात. आवाज तसाच आहे. मी यादीचा कागद उचलला, ‘बीजगणित’ या शब्दाकडे थोडा वेळ पाहिलं आणि चपला घातल्या. अंगण ओलांडून जाईपर्यंत मागे फिरावं असं किती वेळा वाटलं ते सांगत नाही.

हौसाबाई ओल्या फडक्याखाली हात घालून उंडा चाचपत होत्या. मला दारात पाहून म्हणाल्या, “या, वैनी. तुमचं कवा करायचं? उद्या? पोळपाट घिऊन येती सूनबाई.”

“पापडांचं नाही आले सांगायला,” मी म्हटलं. “ऑक्टोबरात मी मॅट्रिकला बसते आहे.”

सून बघत राहिली. हौसाबाईंनी हात फडक्याखालून काढला आणि डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

“घरात सांगितलंया?”

“नाही अजून. आता जाऊन सांगते.”

“सांगा.” त्यांनी लाटी तोडली, तेलात बुडवली आणि माझ्या हातावर ठेवली. “आन् गनित कुठवर आलंय?”

“सुरूच केलेलं नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “उद्या इचारते.”

लाटी तोंडात टाकून मी घरी आले. हे ओट्यावर पेपर वाचत होते, लेक केस विंचरत होती. दोघांनाही एकदमच सांगितलं. ती काय म्हणाली, हे काय म्हणाले, ते नंतर कधीतरी. पुस्तक साड्यांच्या मागून काढून टेबलावर ठेवलं आहे आणि पहिलं प्रकरण उघडलं आहे. काहीही कळत नाही. पण हौसाबाई उद्या विचारणार आहेत, आणि त्यांचा आवाज सगळ्या आळीला ऐकू जातो.